गंज, तेल आणि मुलामा

'मुलामा' हा शब्द आपल्या समीक्षेत सहसा शिवीसारखा वापरला जातो. आशय पोकळ आणि शैली चकचकीत असली की आपण म्हणतो, 'हा वरवरचा मुलामा आहे.' गेली वीस-बावीस वर्षे वर्गात उभी राहून मीही तो असाच वापरत आले आहे. अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आलेल्या या शब्दाच्या मुळाशी चकाकी आहे, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला दर वेळी थोडे अपराधी वाटते. कारण ज्या घरात मी वाढले, त्या घराची चूल मुलाम्यावरच पेटत होती. माझे वडील, अप्पा, सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात हार्ड क्रोमचे प्लेटिंग करत. त्यांच्या लेखी मुलामा म्हणजे दिखावा नव्हता. 'वरचा थर टिकला तर आतलं टिकतं' एवढेच त्यांचे त्याबद्दलचे तत्त्वज्ञान होते, आणि तेही त्यांनी कधी तत्त्वज्ञान म्हणून सांगितले नाही.

या शब्दाकडे मी पुन्हा वळले ती अगदी अनपेक्षित ठिकाणी : ह्यूस्टनमध्ये, दादाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तीन पिस्तुलांसमोर.

*

२०२३ सालच्या मे महिन्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पहिल्यांदाच दादाकडे अमेरिकेत गेले. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. रसायन अभियांत्रिकी शिकून १९९७ साली तिकडे गेला तो तिकडचाच झाला. तेलविहिरींना लागणाऱ्या झडपांवर निकेलचा लेप चढवणाऱ्या एका कारखान्यात तो काम करतो. म्हणजे एका अर्थी वडिलांचाच धंदा त्याने पुढे चालवला. फरक इतकाच, की अप्पा टाकीवर वाकून उभे असत आणि दादा काचेपलीकडे बसून आलेख पाहतो.

एका रविवारी सकाळी वहिनी बाजारहाटाला गेली असताना त्याने टेबलावर जुना टॉवेल अंथरला आणि कपाटातल्या लोखंडी पेटीतून एकेक करून तीन पिस्तुले काढली. मी दचकले हे त्याने पाहिले. काही न बोलता त्याने प्रत्येकाचे मॅगझिन काढले, स्लाइड मागे ओढली, आत काडतूस नाही हे आधी डोळ्यांनी आणि मग करंगळीने तपासले. 'साफ करायची आहेत. महिन्यातून एकदा करतो. तुला नको असेल तर आत बस.'

मी आत गेले नाही. कॉलेजात असताना मी एन.सी.सी.त होते. पॉइंट टू टूची रायफल साफ करताना दोरीच्या टोकाला चिंधी बांधून ती नळीतून ओढायची आणि मग सगळीकडून तेलाचा हात फिरवायचा, हे मला ठाऊक होते. शस्त्राच्या तेलाचा तो वास तीस वर्षांनी त्या परक्या स्वयंपाकघरात आला आणि मी खुर्ची ओढून बसले.

तिन्ही पिस्तुले अर्धस्वयंचलित जातीची होती. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, त्याच धक्क्याने वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत ढकलतो. हे सारे निमिषार्धात होते. म्हणजे या यंत्रात पोलादावर पोलाद सतत घासत असते. त्यात दारूची काजळी आणि उष्णता यांची भर पडते. शिवाय पिस्तूल कमरेला, अंगाला चिकटून बाळगले जाते, म्हणून त्याला घाम लागतो. घामात मीठ असते. ह्यूस्टनची हवा आपल्या कोकणासारखी दमट. 'रायफल पावसाने गंजते,' दादा म्हणाला, 'पिस्तूल माणसाने गंजतं.'

त्यातही माणसामाणसांत फरक असतो. काहींचा हात इतका खारा असतो, की घासूनपुसून चकचकीत केलेल्या पोलादावर त्यांच्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजाच्या रेघांनी उमटतात. अप्पांच्या कारखान्यात अशांना तयार मालाला हात लावू देत नसत. दादाचा हात तसा आहे. लहानपणी एका सुट्टीत तो कारखान्यात गेला होता आणि त्याने हाताळलेले दोन दांडे दुसऱ्या दिवशी पुन्हा बफिंगला द्यावे लागले होते, ही गोष्ट आमच्या घरात वर्षानुवर्षे हसण्यासाठी सांगितली जाई. त्या सकाळी ती आम्हां दोघांनाही आठवली. पण हसण्याआधी आम्ही दोघेही थांबलो. ती सांगणारा माणूस आता नव्हता.

*

पहिले पिस्तूल जुने होते. जॉन ब्राउनिंगने घडवलेला आणि अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारलेला तो सुप्रसिद्ध नमुना. त्याच्यावर होती निळाई : काळसर, खोल, रात्रीच्या विहिरीच्या पाण्यासारखी. ही निळाई म्हणजे रंग नव्हे आणि लेपही नव्हे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या साधारण १४० अंश सेल्सिअसच्या उकळत्या द्रावात पोलाद बुडवले, की त्याच्या पृष्ठभागाचेच रूपांतर काळ्या ऑक्साइडमध्ये होते. लाल गंज हाही लोखंडाचे ऑक्साइडच; पण तो सुटतो, पोपडे धरतो आणि आत आत खात जातो. काळे ऑक्साइड मात्र घट्ट धरून बसते. शत्रूच्याच भाऊबंदाला पहारेकरी नेमावे, तसा हा प्रकार आहे. पण हा पहारेकरी अशक्त. थर इतका पातळ, की एकट्याने तो काहीच थोपवू शकत नाही. त्याचे खरे काम तेल धरून ठेवणे. तेल पुसले गेले की निळाई निराधार. म्हणून निळाईचे पिस्तूल बाळगणाऱ्याला ते पुसत राहावे लागते. ती निगा राखण्याची अट त्या रंगातच घातलेली असते.

युद्धाला ही अट परवडत नाही. चिखलात, पावसात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात कोण पुसत बसणार? म्हणून फॉस्फेटचा लेप आला. इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेटने १९०६ साली त्याचे एकस्व घेतले. पुढे अमेरिकेत पार्कर यांच्या कंपनीने ती प्रक्रिया सुधारली आणि त्यांच्याच नावावरून 'पार्करायझिंग' हा शब्द रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धातली १९११च्या नमुन्याची पिस्तुले अशी पार्कराइझ केलेली, राखाडी, चमक नसलेली होती. फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक स्पंजासारखे तेल शोषून धरतात. आणि उजेडात चमकत नाहीत हा सैनिकाला आणखी एक फायदा. शोभेचा पहिला बळी युद्धात गेला, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे पिस्तूल ग्लॉक होते. ऑस्ट्रियाच्या सैन्याने हा नमुना १९८० च्या दशकाच्या आरंभी घेतला, तेव्हा त्याच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याचीच चर्चा अधिक झाली. पण दादाच्या मते खरी गंमत त्याच्या स्लाइडमध्ये होती. या स्लाइडवर मुळात लेप दिलेलाच नव्हता. ५०० अंशांहून अधिक तापलेल्या क्षारांच्या टाकीत पोलाद ठेवले, की नायट्रोजन आणि कार्बन यांचे अणू त्याच्या पृष्ठभागात शिरतात आणि तेथले पोलादच कठीण, गंजाला दाद न देणारे होऊन बसते. वरचा काळा रंग घासून गेला तरी संरक्षण जात नाही, कारण ते वर ठेवलेले नसून आत मुरलेले असते.

'म्हणजे कर्णाची कवचकुंडलं,' मी म्हणाले. 'अंगाबरोबरच आलेली. काढायची तर कातडी सोलावी लागेल.'

दादा हसला. 'तुम्हा मराठीवाल्यांचं बरं असतं. आम्ही याला डिफ्यूजन म्हणतो.'

*

तिसरे पिस्तूल लहान होते, आणि त्याचा रंग विलक्षण होता. चांदीसारखा, पण चांदीइतका थंड नव्हे. फिकट, किंचित पिवळसर झाक असलेला, जुन्या कल्हईच्या पातेल्यासारखा. हाच निकेल बोरॉनचा लेप. त्याच्याबद्दल बोलताना दादाचा आवाज बदलला, कारण हा त्याच्या स्वतःच्या विषयाच्या अंगणातला होता.

अप्पांचे क्रोम विजेवर चढे. क्रोमिक आम्लाच्या टाकीत जॉब टांगायचा, शेजारी शिशाचे पत्रे लावायचे आणि प्रवाह सोडायचा. पण वीज हट्टी असते. ती कडांकडे, टोकांकडे धावते आणि खाचाखळग्यांत जायला नाखूश असते. त्यामुळे कडेला थर जाड होतो आणि खाचेत पातळ पडतो. अप्पांचे अर्धे कौशल्य जॉब कसा टांगावा, शिसे कुठे वाकवावे, कोणती कड झाकावी, यातच होते. निकेल बोरॉनला वीज लागतच नाही. याची सुरुवात १९४६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत झाली. ॲब्नर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल हे पोलादी नळ्यांच्या आतून निकेलच्या मिश्रधातूचा थर चढवण्याचा प्रयत्न करत होते. द्रावातले दुसरे काही बिघडू नये म्हणून त्यांनी हायपोफॉस्फाइट घातले, आणि हिशेब चुकला. सोडलेल्या विजेने जितका धातू बसायला हवा त्याहून अधिक बसू लागला. जास्तीचा धातू विजेवाचून, निव्वळ रासायनिक क्रियेने बसत होता. पुढे हायपोफॉस्फाइटच्या जागी बोरोहायड्राइड वापरून निकेलबरोबर थोडा बोरॉन बसवण्याची रीत निघाली. द्राव जिथे जिथे पोचतो तिथे तिथे थर सारखा बसतो. कड असो की खाच, पंक्तिप्रपंच नाही. मग ३५०-४०० अंशांच्या भट्टीत भाजले, की त्याची कठीणता हार्ड क्रोमच्या बरोबरीला किंवा वरही जाते. घर्षण कमी, म्हणून स्लाइड रेशमावरून सरकल्यासारखी सरकते. काजळी फडक्याने पुसता येते. जाडी मात्र केसाच्या जाडीचा एक लहानसा अंश.

'जाहिराती म्हणतात, याला तेलसुद्धा लागत नाही,' दादा म्हणाला आणि त्याने स्लाइडच्या खाचांत तेलाचे दोन थेंब सोडले. 'तेल लागतंच. तेल न लागणारं काही नसतं. फक्त विसरलास तर चार दिवस जास्त चालतं, एवढाच अर्थ.'

या लेपाचे दोषही त्याने लपवले नाहीत. वापराने तो पिवळट, तपकिरी पडतो. पोलाद नीट स्वच्छ केले नसेल तर त्याचे पापुद्रे सुटतात. हे द्राव मोठे चंचल असतात. ते फुटू नयेत, म्हणजे टाकीतच सगळा धातू बाहेर पडू नये म्हणून त्यांत शिसे किंवा थॅलियम यांसारख्या विषारी धातूंचे अंश मिसळण्याची रीत आहे. कुठल्याही लेपाची खरी परीक्षा मिठाच्या धुक्याच्या कोठडीत होते. ३५ अंशांत, ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या तुषारांत नमुना ठेवायचा आणि पहिला तांबडा ठिपका किती तासांनी दिसतो ते मोजायचे. दादाच्या प्रयोगशाळेत अशी कोठडी आहे. 'सगळ्यांचा गंज शेवटी येतोच,' तो म्हणाला, 'आम्ही फक्त तास मोजतो.'

मग त्याने ते पिस्तूल उजेडात तिरके धरले आणि पुढच्या माशीच्या मागे नखाने दाखवले. तिथे मोहरीच्या दाण्याच्या निम्म्याएवढा तांबूस ठिपका होता.

'हे पिनहोल. लेपात राहून गेलेलं छिद्र. वरून एवढंसं दिसतंय, आत मोठं असणार.'

त्याचे कारण त्याने सांगितले, ते मी इथे माझ्या शब्दांत मांडते. लोखंडावर जस्ताचा थर दिला, आपल्या पत्र्यांवर असतो तसा, तर जस्त लोखंडापेक्षा अधिक लवकर झिजणारे असते. थरावर ओरखडा गेला आणि आतले लोखंड उघडे पडले, तरी पाणी आधी जस्ताला खाते. जस्त स्वतः जाते आणि लोखंडाला वाचवते. निकेलचे उलटे आहे. निकेल लोखंडापेक्षा कुलीन. ते सहजासहजी झिजत नाही. जोवर थर अखंड आहे तोवर त्याच्यासारखा रक्षक नाही. पण एक छिद्र राहिले, तर ओलाव्यात निकेल आणि लोखंड यांची मिळून एक लहानशी विद्युत्-घटमाला तयार होते आणि तिच्यात झिजायचे काम सगळे लोखंडाच्या वाट्याला येते. वर निकेलचे विस्तीर्ण अंगण, खाली लोखंडाचा एवढासा ठिपका. सगळा भार त्या ठिपक्यावर. म्हणून लेप नसता तर जितके गंजले असते, त्याहून अधिक वेगाने लोखंड त्या जागी आतून पोखरले जाते. आणि वरचा थर चकचकीतच राहतो.

गांधारीच्या दृष्टीने वज्राचा झालेला देह आणि झाकलेली राहून गेलेली मांडी, ही कथा मी किती वर्षे वर्गात सांगत आले. सगळा आघात मांडीवरच का व्हावा, हे मला त्या दिवशी नव्याने समजले. बाकीचे शरीर वज्राचे असते म्हणूनच तो मांडीवर होतो.

*

'पण तुला हे लागतं कशाला?' मी विचारले. हा प्रश्न मी सकाळपासून गिळत होते. ज्या वस्तूचे कामच माणसाच्या कातडीला छिद्र पाडणे, तिच्या स्वतःच्या कातडीला छिद्र पडू नये म्हणून एवढा खटाटोप, हे मला आतून कुठेतरी असह्य होत होते. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढाला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येते, हे मी वाचले होते. पण कायद्याने मुभा असणे वेगळे आणि माझ्या भावाच्या कपाटात तीन असणे वेगळे.

त्याने चिंधी खाली ठेवली. मग त्याने सांगितले. २०१९ साली एका संध्याकाळी पेट्रोल भरताना एका माणसाने त्याच्या बरगडीला पिस्तूल लावले होते. पाकीट घेतले, घड्याळ घेतले आणि तो गेला. मिनिटभराचीही गोष्ट नव्हती.

'लोक म्हणतात अशा वेळी बायकामुलं डोळ्यांपुढे येतात. मला काही आलं नाही बघ. त्याच्या पिस्तुलाच्या तोंडाशी निळाई उडाली होती. लाल डाग होते. मी तेच बघत होतो. मनात येत होतं, या माणसानं हे कधी पुसलेलंच नाही.'

'हे तू घरी सांगितलं नाहीस.'

'सांगून काय? अप्पांना झोप लागली नसती.'

दर रविवारी येणारे त्याचे फोन मला आठवले. 'इकडे सगळं छान. तुमचं?' पाच मिनिटे, फार तर सात. पैसे न चुकता येत. अप्पांच्या मोतीबिंदूच्या वेळी आले, घराच्या स्लॅबच्या वेळी आले. २०२१च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत अप्पा गेले, तेव्हा विमानांची मारामार होती आणि दादाला येता आले नाही. रुग्णालयाच्या दारापासून स्मशानापर्यंत सगळे मी एकटीने केले. त्या वेळीही फोनवर त्याचा आवाज तसाच होता, सपाट, नीट पुसलेला. मी तेव्हापासून मनात धरून होते, की याच्यावर कशाचा डागच पडत नाही. चकचकीत माणूस. आत काही असेल ही शक्यता मी विचारातही घेतली नव्हती.

*

आता अप्पांच्या नाकाबद्दल सांगायला हवे.

हार्ड क्रोमच्या टाकीत सोडलेल्या विजेपैकी फार थोडी क्रोम बसवण्याच्या कामी येते, पाचवा हिस्सा आला तरी पुष्कळ. उरलेली वीज पाणी फोडते. हायड्रोजनचे बुडबुडे सारखे वर येऊन फुटतात आणि फुटताना क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडवतात. टाकीवर वाकलेला माणूस ते श्वासाबरोबर घेतो. या षट्संयुजी क्रोमियममुळे कर्करोग होतो, हे आज सर्वमान्य आहे. पण त्याआधी ते नाकाचा मधला पडदा खाते. दुखत नाही, हळूहळू भोक पडते. अप्पांच्या पडद्याला ते मी शाळेत जायच्या आधीच पडलेले होते. रात्री झोपेत त्यांच्या श्वासाबरोबर बारीक शीळ वाजे. अप्पा झोपेत शीळ घालतात, असे मी मैत्रिणींना कौतुकाने सांगत असे. ती शीळ म्हणजे काय, हे मला पुढे कॉलेजात असताना दादाने सांगितले, आणि त्यानंतर मला ती कधी कौतुकाने ऐकता आली नाही.

दर वस्तूला थर देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या अंगावर साध्या कापसाच्या रुमालापलीकडे काही नव्हते. मालकाने पंखा बसवला तो टाकीच्या उलट बाजूला. २००३ साली दादाने अमेरिकेतून एक मास्क पाठवला : रबरी, दोन्ही बाजूंना गोल गाळण्या असलेला, जोडीला बदलायच्या गाळण्यांची चार पाकिटे. अप्पांनी पेटी उघडली, मास्क हातात फिरवून पाहिला, 'काम बारीक आहे' म्हणाले आणि पुन्हा पेटीत ठेवला. कारखान्यात नऊ माणसे होती. नऊ जणांत एकाने असे काहीतरी तोंडाला लावून उभे राहावे, हे त्यांना जमणारे नव्हते. 'बाकीच्यांनी काय नाक घरी ठेवून यायचं?' असे ते एकदाच म्हणाले. ते निवृत्त झाले तरी मास्क पेटीतच होता. ते गेल्यावर कपाट आवरताना ती पेटी मला सापडली. गाळण्यांच्या पाकिटांचे सील जसेच्या तसे होते.

त्या सकाळी ह्यूस्टनमध्ये पिस्तुले पुन्हा जोडून झाल्यावर, हात धूत असताना, पाठ माझ्याकडे करून दादा म्हणाला, 'निदान तो मास्क तरी मी वेळेवर पाठवला. नाहीतर अजून किती खाल्लं असतं त्या टाकीनं. वापरायचे ना ते?'

'वापरायचे की,' मी म्हणाले. 'रोज.'

नळ बंद झाला. त्याने टॉवेल घेतला, हात पुसले, आणि त्याचे खांदे थोडे खाली आले. ते मी पाहिले. तेव्हा मला वाटले, मी चांगलेच केले.

*

परत आल्यावर पुष्कळ दिवस मला तसेच वाटत राहिले. मरून गेलेल्या माणसाबद्दलचे एक लहानसे असत्य, आणि जिवंत माणसाची झोप. सौदा वाईट नव्हता. सत्याच्या पुरस्काराची व्याख्याने देण्याएवढी मी आता तरुण नाही. घरे चालतात ती अशाच थरांवर. दादाने दरोड्याची गोष्ट लपवली, अप्पांनी छातीत होणारी घरघर लपवली. आमच्या आईने तर आयुष्यभर काय काय झाकले ते तिच्याबरोबरच गेले. जस्त होऊन स्वतः झिजणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या थराला मी मुलामा म्हणून नावे ठेवणार नाही.

मला छळत होते ते निराळेच. मी दिलेला थर जस्ताचा नव्हता. त्यात माझे काही झिजत नव्हते. उलट, ते वाक्य बोलून मी मोठी झाले होते : सगळे ठाऊक असणारी, सगळे सोसलेली, भावाला सांभाळून घेणारी. कुलीन. आणि त्याच्या खाली एक ठिपका उघडा राहिला होता. आम्हां भावंडांत अप्पांविषयी आता जे काही बोलणे होईल, ते या एका खोट्याला वळसा घालून व्हायला हवे होते. खरोखरच त्यानंतरच्या फोनवर मी अप्पांचा विषय टाळू लागले. पाच मिनिटे, फार तर सात. 'इकडे सगळं छान. तुमचं?' हे वाक्य आता माझ्या तोंडी आले होते.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. मास्क न वापरणे हा अप्पांचा निर्णय होता. तो शहाणपणाचा होता असे मी म्हणणार नाही. पण त्यात त्यांचे सगळे माणूसपण होते. आठ जणांच्या नाकांशी त्यांनी राखलेली ती बांधिलकी होती. दादाला बरे वाटावे म्हणून मी तेवढेच त्यांच्यातून पुसून टाकले होते आणि त्यांच्या जागी एक आज्ञाधारक, सुरक्षित म्हातारा बसवला होता.

गेल्या आठवड्यात मी दादाला फोन केला. रविवार नव्हता, म्हणून त्याने आधी घाबरूनच उचलला. मी सांगितले. नऊ माणसे, पंखा, 'बाकीच्यांनी काय नाक घरी ठेवून यायचं', पेटी, सील, सगळे. मधे तो काही बोलला नाही. संपल्यावरही बराच वेळ बोलला नाही. मला वाटले फोन बंद पडला.

मग त्याने विचारले, 'पेटी कुठं आहे?'

'माझ्याकडे. कपाटात.'

'रबर कडक पडलं असेल.'

'पडलंय.'

'असू दे. टाकू नकोस. मी येईन तेव्हा बघतो.' आणि थोड्या वेळाने, 'ती शीळ तुला आठवते का गं? वरच्या पट्टीतली?'

मला आठवत होती. आम्ही पाऊण तास बोललो. त्यात पिस्तुलांचा विषय एकदाच निघाला. त्या लहान पिस्तुलाचा ठिपका त्याने कोरून पाहिला, तर तो खरोखर आत मोठा निघाला होता. लेप सगळा काढून पुन्हा द्यावा लागेल, म्हणाला. पण त्याने ते काम अजून दिलेले नाही. तोवर जुने, निळे, रोज पुसावे लागणारे तेवढेच तो बाहेर ठेवतो. पुसायला वेळ लागतो, पण पुसताना ते नीट पाहिले जाते, असे तो म्हणाला.